रहीमभाईंसाठी बांधायचा राहिलेला गुच्छ

शबानाचा फोन आला तेव्हा माझ्या डाव्या मुठीत नऊ गुलाब होते. रविवारी तिच्या वडिलांचा सत्कार होता आणि त्यांना द्यायचा गुच्छ बांधायचा मी शुक्रवारी सकाळी सराव करत होतो. "मास्तरकाका, अब्बा गेले... सकाळी नमाजला उठलेच नाहीत." फोन संपला तरी मूठ सोडायचं मला सुचेना. शेवटी बायकोनं एकेक दांडी काढून घेतली. त्याला आता सहा आठवडे झाले.

रहीमभाई शहागंजच्या बाजारात फुलं विकायचे. दुकान आणि माझी शाळा एकाच गल्लीत, त्यामुळे पाहुणा येवो की कुणी निवृत्त होवो, गुच्छ आणायची जबाबदारी चित्रकलेच्या मास्तरांवर, म्हणजे माझ्यावर. पहिल्या खेपेला मी म्हणालो, "चांगला मोठा द्या." त्यांनी विचारलं, "कुनाच्या हातात जानार हाये?" मला वाटलं, माणूस भोचक दिसतोय. पाहुण्या बाई वयस्कर होत्या, संधिवातानं त्यांची बोटं वाकलेली. हे ऐकल्यावर भाईंनी धरायला बारीक आणि वजनाला हलका असा गुच्छ बांधला. बाईंनी तो कार्यक्रम संपेपर्यंत हातातून सोडला नाही. तेव्हापासून मी भाईंना मानलं.

पण आमची शाळा ती शाळाच. एका वर्षी पाहुणे पाच आणि गुच्छ एक! द्यायचा, फोटो काढायचा, मागच्या दारानं परत आणून पुढच्याला द्यायचा. ही अक्कल माझीच. भाई नेमके दाराशी उभे होते. दुसऱ्या दिवशी चहा पाजताना म्हणाले, "मास्तर, ज्याला दिला त्याला घरला तर नेऊ द्या. लेकरं बघत्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा बाजारातल्या जुन्या दुकानदारांचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव भाईंचं निघालं. आणि संयोजकांचा शहाणपणा बघा, सगळ्या गुच्छांची ऑर्डर भाईंनाच दिली, त्यांच्या स्वतःच्या गुच्छासकट! मी भांडलो. स्वतःच्या सत्काराचा गुच्छ माणसानं स्वतःच बांधायचा? तो मी बांधतो म्हणालो. भाईंना तसाच चालेल असं संयोजकांनी सांगितलं, पण मी ऐकलं नाही. बोलून तर बसलो, आता शिकणार कुणाकडून? भाईंकडूनच. आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसाठी बांधायचाय, अशी थाप मारून त्यांच्या दुकानात जाऊन बसलो.

"कुनाच्या हातात जानार?"

"एका म्हाताऱ्याच्या. लई हट्टी आहे."

भाई गालात हसले. मग त्यांनी शिकवलं. प्रत्येक दांडी आधीच्या दांडीवर तिरपी ठेवायची, सगळ्यांचा कल एकीकडेच, आणि फूल ठेवलं की गुच्छ मुठीत जरासा फिरवायचा. दांड्या जिथं एकमेकींना भेटतात तिथंच सुतळी. नीट जमला तर गुच्छ टेबलावर आपल्या दांड्यांवर उभा राहतो. माझा दर वेळी आडवा पडायचा. "जरा सबर करा मास्तर. एवढा आवळून धरला तर फुलाला दम घुटतो ना!" असं म्हणून माझी बोटं ते स्वतः सैल करायचे.

दफनाला गुच्छ कसला न्यायचा... सुटे गुलाब नेले. सगळ्यांबरोबर माती दिली आणि फुलं वर ठेवली. रविवारचा कार्यक्रम पुढं ढकलला, तो अजून झालेला नाही. मला राग येतो तो सगळ्यांचाच. आम्हा सगळ्यांना या माणसाला एक गुच्छ द्यायला एवढी वर्षं का लागली?

परवा दुकानात गेलो. दुकान आता शबाना बघते. ती म्हणाली, "काका, अब्बाला सगळं कळलं होतं. म्हनायचे, मास्तर लई घट्ट बांधतोय, पन बांधू दे. जिंदगीत पयल्यांदा कुनी तरी मला देनार हाये." मग तिनं आतल्या भिंतीवरच्या आरशाकडं बोट केलं. शेवटचे चार दिवस ते रोज त्यासमोर उभे राहायचे, रिकामे हात पुढं करून बघायचे. तिला विचारायचे, "बेटा, लेते कैसे? एक हाथ से, के दोनों से?" ती हसून टाळायची.

मी त्या आरशासमोर बराच वेळ उभा होतो.

दोन्ही हातांनी, भाई. दोन्ही हातांनी घ्यायचा असतो.