अंजूरची उघाडी राखणारे केसरीनाथ

केसरीनाथभाऊ,

तुमच्यावर मी कॉलेजच्या वार्षिक अंकात दोन पानं लिहिली होती, ती साफ चुकली होती. तुम्ही ती नातीकडून वाचून घेतलीत आणि एवढंच म्हणालात, "फोटो बरा आलाय." आज दुरुस्त करायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा उशीर झालाच आहे. तुम्हाला ठाऊक असलेलं तुम्हालाच काय सांगायचं? वाचणाऱ्यांना सांगते.

केसरीनाथ अंजूरचे. खाडीच्या कडेला त्यांचं तीन एकर भातशेत. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाच्या पोटात उघाडी, म्हणजे वरून टांगलेली सागाची झडप. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते, पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीच तिला लोटून बंद करते. हात कुणी लावायचा नाही.

मी तेव्हा भिवंडीत तत्त्वज्ञान शिकवत होते. २००४ साली तिसऱ्या वर्षाला दोन विचार शेजारी ठेवून शिकवले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे काही अमेरिकन म्हणत, माणसाने गर्दीचं ऐकू नये, रानात एकटं जावं. तिथे निसर्गात त्याला स्वतःचंच मोठं रूप भेटतं. चीनचे ताओपंथी म्हणत, ते 'स्वतः' जरा बाजूला ठेवा. पाण्यासारखं खाली वाहा, जोर लावू नका, कामं होतात. केसरीनाथांची नात ऋतिका शेवटच्या बाकावरून म्हणाली, "बाई, ही तर आमच्या आजोबांची उघाडी." वर्ग हसला. मी मात्र रविवारी रिक्षा करून अंजूरला गेले.

गेले आणि भलतंच पाहून आले. आजूबाजूच्यांनी जमिनी गोदामांना दिल्या होत्या, केसरीनाथ तेवढे उरले होते. मी लिहिलं, हा अमेरिकन विचारातला माणूस, गावाविरुद्ध एकटा ताठ उभा. केसरीनाथ गावाविरुद्ध वगैरे काही नव्हते. जमीन विकलेल्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे.

त्यांची चिंता वेगळी होती. पूर्वी बांधाच्या दुरुस्तीला घरटी एक माणूस यायचा. आता येणार कोण? बांध गेला तर शेत गेलं, आणि खाऱ्या मातीत तग धरणारं त्यांचं लाल भाताचं बियाणं गेलं.

"बांध एकल्याचा न्हाय होत, बाई," ते म्हणाले.

"मग मी मुलं घेऊन येते," मी म्हटलं. मला गप्प बसवत नाही.

२००६ च्या आषाढात वीस मुलं आणि घमेली घेऊन पोचले. केसरीनाथ बहिणीच्या दिवसकार्याला वडप्याला गेले होते, त्यांची बायको ठकुबाई पिशवी भरून निघायच्या बेतात. बांधाला आम्ही चांगली माती चढवली. मग मी पाहिलं, उघाडीच्या फटीतून भरतीचं पाणी आत झिरपतंय. मी मातीच्या गोणी रचून झडप पक्की बंद करायला लावली.

"बाई, तिला हात नका लावू," ठकुबाई म्हणाल्या. "ते आल्यावर बघतील."

"तोवर शेत खारट होईल. तुम्ही निर्धास्त जा."

"तुमी शिकलेल्या," म्हणाल्या आणि गेल्या.

ज्या बाईने मुलांना जोर लावू नका म्हणून शिकवलं, तिनेच हे केलं. बाहेरचं पाणी थांबलं आणि आतलंही थांबलं. त्यावर पाऊस. केसरीनाथ तेराव्यानंतर परतले तेव्हा भात कमरेएवढ्या पाण्यात सडलं होतं. बियाण्यापुरतंही उरलं नाही.

मी माफी मागायला गेले. ते गोणी काढत होते.

"ओरडा तरी माझ्यावर," मी म्हटलं.

"ओरडून भात उभं ऱ्हाणार हाय का? ती गोण धरा."

गोणी निघाल्या. मग त्यांनी पहार घालून झडपच उचकटली. भरती चढायला लागली होती. खाडीचं पाणी सरळ शेतात शिरलं.

"हे काय? हरलात तुम्ही?" मी ओरडले.

"बियाणं न्हाय, बांधाला मानसं न्हाईत. मंग खाडीला कशापायी अडवू? भात व्हतं तवा शेतकरी व्हतो. आता मासली येईल."

"आणि तुम्ही? तुमचं काय?"

"माझं काय? मी हाय की हितंच."

पुढच्या वर्षी त्या तीन एकरांत कोळंबी आली, चिंबोऱ्या आल्या. केसरीनाथ साठीनंतर जाळं विणायला शिकले. तेही जावयाकडून, आणि जावई चारचौघांत म्हणायचा, "सासरेबुवांची गाठ म्हणजे माशाला दरवाजा." हे त्यांना पटायचं, गाठ सोडून ते पुन्हा बांधायचे. मला एक गोष्ट तेव्हा उमगली. जोर न लावणं म्हणजे स्वस्थ बसणं असं मी वीस वर्षं शिकवत आले. हा माणूस उघाडी होती तोवर रोज ओहोटीला जाऊन तिच्यात अडकलेली काटकी काढत होता, आता रोज पाण्याकडे बघून जाळं कुठे लावायचं ते ठरवत होता. आणि 'मी' या शब्दावर ज्या अमेरिकनांनी एवढी शाई खर्च केली, त्यांच्याहून हा त्या शब्दाला कमी चिकटलेला होता. शेत गेलं तरी माणूस उणा झाला नाही. असा दुसरा मी पाहिला नाही.

२००८ च्या दिवाळीनंतर भेटले, तेव्हा निघताना म्हणाले, "बाई, तुमच्या भिवंडीत जाळ्याचा बारीक निळा दोरा भेटतो. दोन रिळं आनाल का? हितं जाडा भेटतो, कोळंबी बुजते."

चार वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही मागितलं होतं. स्वतःच्या बळावरचा माणूस कुणाकडे काही मागत नाही, हीही माझीच समजूत. मी म्हटलं, "आठवड्यात आणते." मग परीक्षा आल्या, मग माझी निवृत्ती, निरोपाची भाषणं. दुकान माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. माघात ते गेल्याचा ऋतिकाचा फोन आला, तोवर मी त्या दुकानात गेले नव्हते.