मानकर मॅडमची हजेरी

नोकरीतून सुटल्यावर, बासष्टाव्या वर्षी, मी सी नावाची संगणकाची भाषा शिकायला घेतली, आणि तीही चुकीच्या कारणासाठी. मला पोराशी बोलायला विषय हवा होता.

पोरगा, निखिल, हैदराबादला प्रोग्रामर आहे. त्याची आई गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. "बाबा, जेवले?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "आणखी?" या "आणखी?"पाशी माझी गाडी अडायची. कूलर बिघडल्याची बातमी मी तीन रविवार पुरवून पुरवून सांगितली होती. एकदा तो सहज बोलून गेला, की कॉलेजात सीनं फार रडवलं, पण ती ज्याला येते त्याला आमच्यात मान असतो. झालं. सरकारी फायलींत उभा जन्म काढलेल्या माणसानं मान मिळवायचं ठरवलं.

बालाघाटात गोंदिया रस्त्याला मानकर मॅडम घराच्या पुढच्या खोलीत क्लास घेत. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांनी मला चष्म्याच्या वरून पाहिलं.

"कोणती शिकणार?"

"सी."

"काहून? पायथॉन सोपी हाये. नवशिके तेच घेतेत."

"मला कठीणच पाहिजे," मी छाती काढून म्हणालो.

"कठीण पाहिजे म्हणणारे पंधरा दिवसांत पळतेत. बसा."

बाकावर आम्ही पाच जण होतो. बाकीचे चौघे नातवंडांच्या वयाचे. दोघं खरोखरच पंधराव्या दिवशी पळाले, दोघं पावसाळ्याअखेर बाजारातल्या नव्या क्लासला गेले; तिथे पायथॉन आणि एसी दोन्ही होतं. उरलो मी. पण मॅडमनी हजेरी घेणं सोडलं नाही. रोज चार वाजता रजिस्टर उघडायच्या, पाचही नावं वाचायच्या. गेलेल्या प्रत्येकाच्या नावानंतर एक क्षण थांबायच्या, पेननं गैरहजेरीची फुली मारायच्या. "डोंगरे?" शेवटी माझं नाव. "हजर, मॅडम." दोन हातांवर बसलेल्या बाईला हजेरी देताना पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर नंतर मात्र त्या चार नावांच्या वेळी मी खिडकीबाहेर बघू लागलो.

कॉम्प्युटर त्या खोलीत होता, पण विणलेल्या झाकणाखाली. ते झाकण शुक्रवारी निघायचं. बाकी दिवस मशीन म्हणजे मी. टेबलावर सहा स्टीलच्या वाट्या, म्हणजे मशीनच्या मेमरीतले कप्पे, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव दिलेलं, आणि चिंचोक्यांचा डबा. कागदावर प्रोग्राम लिहायचा आणि ओळ वाचत वाचत, तीत जे लिहिलंय तेवढंच करायचं: या वाटीत तीन चिंचोके टाका, त्या वाटीतला एक काढा. डोकं चालवायचं नाही. मला तर ते फारच सोपं जायला हवं होतं. ऑफिसात पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलं होतं? पण नाही. मी मध्येच शहाणपणा करायचो. ओळ लिहायला विसरलेलो असायचो, तरी हात आपोआप चिंचोका टाकायचा.

"हे कुठी लिहिलं हाये?" मॅडम मनगट धरायच्या.

"लिहिलं नाही, पण तसंच असणार ना..."

"मशीन अडाणी हाये, बाबू, पण इमानदार हाये. तुमी शिकले-सवरले हा, तेच लफडं हाये."

एकदा मी नवीन वाटी घेतली आणि थेट मोजायला लागलो. आत आदल्या हिशेबाचे दोन चिंचोके पडलेले. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरची वाटी धुतल्याबिगर घेता का तुमी? आधीच्याचं खरकटं राह्यते ना त्यात!" त्या दिवशी त्यांनी मला सहाही वाट्या खरोखर मोरीत धुवायला लावल्या. मी धुतल्या. घरी माझी स्वतःची भांडी दोन दिवसांची पडलेली होती.

चहा त्या न विचारता आणायच्या. एकदा चहा घेताना मी विचारलं, की कोणी येत नाही, तर तुम्हीही पायथॉन का शिकवत नाही? त्यांनी चहावर फुंकर घातली. "सोप्या भाषेत सारं झाकलेलं राह्यते, बाबू. हिच्यात आपल्यालेच पाहा लागते. कोणती वस्तू कुठी ठेवली, कवा फेकली, सारं. जन्मभर एकटी राह्यली मी. मले सवय हाये त्याची." मग बशी उचलून म्हणाल्या, "चला, कंस कुठी बंद केला ते दाखवा."

दिवाळीला निखिल दोन दिवसांसाठी येणार होता. मी महिनाभर खपून एक प्रोग्राम केला: जन्मतारीख टाका, वार सांगतो. मॅडमच्या मशीनवर माझा, त्यांचा, माझ्या बायकोचा, सगळ्यांचे वार बरोबर आले. पेन ड्राइव्ह खिशात घालून मी नवरदेवासारखा निघालो, तेव्हा मॅडम दारात म्हणाल्या, "दाखवायले नका जाऊ लेकाले. त्याले काही विचारा." मी मनात म्हटलं, म्हातारीला मत्सर वाटतोय.

निखिलच्या लॅपटॉपवर मी त्याचीच तारीख टाकायला लावली. तो जन्मला तो मंगळवार होता. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी तो अख्खा मंगळवार काढलाय. प्रोग्राम म्हणाला, शुक्रवार. पुन्हा टाकली. शुक्रवार. निखिलनं मोबाइल काढून दोन बोटं फिरवली. "मंगळवार आहे, बाबा. हे मोबाइलवर असंच दिसतं." वाईट हेतूनं नाही म्हणाला. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मित्राकडे गेला. फराळाचं ताट तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी मी त्याला स्टेशनवर सोडलं. "आणखी?" त्यानं विचारलं. "काही नाही," मी म्हणालो.

मी तणतणत मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि पेनाचं टोक एका ओळीवर ठेवलं. "वाटी नाही धुतली. सुरवातीले तिच्यात शून्य टाकाची ओळच नाही. माह्या मशीनवर ते रिकामी निघाली, तुमचं नशीब. त्याच्यावर खरकटं निघालं."

"पोरगा खांद्यावर थोपटून निघून गेला."

"दाखवायले गेलते ना! दाखवणाऱ्याले माणूस पाहते अन् निंगून जाते. विचारणाऱ्यापाशी थांबा लागते. आता पुढं अडलं त माह्याकडे येऊ नका. त्याले फोन लावा."

मला एवढंच ऐकू आलं: माझ्याकडे येऊ नका. पन्नाशीनंतर माणसाला रुसायची संधी फारशी मिळत नाही. मी ती सोडली नाही. आठ दिवस क्लासला गेलो नाही. चार वाजले की घड्याळाकडे पाठ करून बसायचो. पाचही नावांपुढे फुल्या पडत असतील, बघू दे एकटीला, असंही मनात येऊन गेलं. हे लिहायला लाज वाटते, पण आलं होतं.

नवव्या दिवशी गेलो. दाराला कुलूप. शेजारची बाई वाळलेले कपडे काढत होती. "मॅडम? अवं, तुमाले मालूमच नाही? घरातच पडल्या. गोंदियाले नेलं, पण नाही वाचल्या. सहा दिवस झाले. कटंगीहून भाचा आलता, त्यानंच केलं सारं."

मी घरी आलो आणि करण्यासारखं काहीच नसल्यामुळे त्यांनी दिलेला शेवटचा धडा काढला. दुसऱ्या ओळीला अडलो. चार दिवस अडलेलाच होतो. विचारायला गावात कोणी नव्हतं. शेवटी बुधवारी, रविवार नसताना, मी निखिलला फोन लावला.

"काय झालं बाबा? तब्येत?" तो घाबरला.

"तब्येत बरी आहे. एक ओळ समजत नाही," मी म्हणालो आणि वाचून दाखवली.

तो म्हणाला, "परत वाचा." मी वाचली. "थांबा, मीही विसरलोय हे. कॉलेजनंतर हात लावला नाही. लॅपटॉप घेतो." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानं आधी चुकीचं सांगितलं, मग स्वतःवरच चिडला, मग मला कागद-पेन्सिल घ्यायला लावलं. मध्येच त्याची आई गणित शिकवताना कशी ओरडायची ते निघालं. तिच्यावरून मानकर मॅडम निघाल्या. मी सगळं सांगितलं, माझे आठ दिवससुद्धा. त्यानं फोन ठेवला नाही. मग पुन्हा त्या ओळीवर आला. पाऊण तास झाला. मी त्याला अगदी पहिल्या धड्यातलं काहीतरी विचारलं आणि तो वैतागून ओरडला,

"बाबा, इतके महिने तुम्ही तिथे नुसता चहा प्यायला जात होते का?"