दोन फेऱ्यांची कॉपी

बीदरच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांत माझ्याइतका कलावंत दुसरा नव्हता, असं माझं प्रामाणिक मत आहे. नवरदेव घोडीवर चढला की मी त्याला बदामाच्या चौकटीत बसवायचो. सासरे दिसले की पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडायचो. तो डीव्हीडीचा काळ. आता लोक त्याच डीव्हीड्या घेऊन परत येतात, कारण घरात त्या चालवायचं यंत्र उरलेलं नाही. मी त्या मोबाईलवर चालतील अशा करून पेनड्राइव्हमध्ये घालून देतो.

औरादकडची एक अक्का अशीच एकदा सकाळी दहाला आली. लाल कापडाची पुरचुंडी सोडली, तर आत लेकीच्या लग्नाची डिस्क. शूटिंग माझंच. आणि चकचकीत बाजूवर विभूतीचे तीन पट्टे!

"अक्का, विभूती फोटूला लावतेत. हिला कामून लावलाव?"

"फोटूत मालक हालत न्हाईत अण्णा. हिच्यात हालतेत."

"पण ह्या बाजूनं?"

"मग काय कागदाच्या बाजूनं लावू? तोंड हिकडं हाय की."

मी डिस्क उजेडात धरून पाहिली. तिचा नवरा वारल्यापासून डिस्क देव्हाऱ्यात होती आणि दर सोमवारी तिची पूजा व्हायची. राख पुसून पुसून डिस्कवर बारीक चरे पडले होते. मूळ टेपवर मी केव्हाच दुसरी लग्नं काढली होती; चालतंबोलतं असं त्या माणसाचं जगात एवढंच शिल्लक होतं.

"नात इचारायलीय, आजोबा कसं चालायचे म्हणून," अक्का म्हणाली. "तिला दावायचंय. लवकर करा, पाचच्या गाडीनं जायाचंय."

डिस्क धुऊन, पुसून आत घातली. ड्राइव्ह तीनदा गुरगुरला आणि चौथ्यांदा लग्न सुरू झालं. पंगत दिसली. तिचे मालक बुंदीचं पातेलं घेऊन उभे होते. कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "माझं कामून काढायलास? जेवणाऱ्यांचं काढ की!" अक्कानं पदर तोंडाला लावला. मी लगेच बंद केलं. डिस्क उगाच फिरवायची नव्हती.

आता निवड करायची होती. घाईची कॉपी तासाभरात होते, पण तीत हलत्या माणसावर चौकोन पडतात. बसलेला माणूस ठीक दिसतो, चालू लागला की त्याच्या चेहऱ्याच्या विटा होतात. चांगली कॉपी दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत कॉम्प्युटर सगळं लग्न नुसतं बघतो, कुठं हालचाल जास्त, कुठं कमी याची टिपणं काढतो आणि चित्र एकही उतरवत नाही. उतरवतो ते दुसऱ्या फेरीत. माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला त्याला सहा तास लागतात.

"कसंबी चालतंय," अक्का म्हणाली. "वळखू आलं की बास."

"अक्का, माझं शूटिंग हाय. विटा दिसल्यावर लोक काय म्हनतील?"

खरं सांगतो, मला तिच्या मालकांची नव्हे, माझ्या पाकळ्यांची काळजी होती. डिस्क आधी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवायची आणि मग काय ते प्रयोग करायचे, हे मी चार गावच्या स्टुडिओवाल्यांना शिकवलंय. पण हार्ड डिस्क ड्रोनच्या लग्नांनी गच्च भरली होती आणि जागा करायचा मला कंटाळा आला. मी थेट डिस्कवरूनच दोन फेऱ्या लावल्या.

पहिली फेरी दुपारी एकला निर्विघ्न पार पडली. मी टाळी वाजवली. अक्कानं भाकरीचं फडकं सोडलं, मला अर्धी भाकरी दिली. चरे पडलेली ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली गेली होती. कॉम्प्युटरनं त्या माणसाचं पाऊल न् पाऊल पाहिलं, आणि एकही ठेवून घेतलं नाही.

अडीचला वीज गेली. यूपीएस दोनदा ओरडला आणि मेला. दुसरी फेरी निम्मी झाली होती. वीज आली, तर अर्धवट फाईल उघडेना. डिस्क पुन्हा घातली, तर ड्राइव्ह नुसता गुरगुरत राहिला. शेजारच्या दुकानातला ड्राइव्ह आणला. डिस्कला टूथपेस्ट घासून पाहिली. साडेचारपर्यंत मी ओळखीचे सगळे उपाय केले. घाईची कॉपी लावली असती तर ही बाई विटांचा नवरा घेऊन अकरालाच गाडीत बसली असती. हे तिला मी सांगितलं नाही.

"ऱ्हाऊ द्या अण्णा," ती म्हणाली. "तुमीच काढलंत न्हवं? तुमी तर बघितलाव त्येंना. कसं चालायचे सांगा. मी नातीला सांगते."

मी शेकड्यांनी लग्नं काढलीत. मला एकाही सासऱ्याची चाल आठवत नाही. पण नाही म्हणायला जीभ वळेना. मी उठलो, काल्पनिक धोतराचा सोगा हातात धरला, छाती काढली आणि दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ऐटीत चालून दाखवलं.

"न्हाई. असं न्हाई."

मग जरा वाकून, सावकाश चाललो.

"असंबी न्हाई. जलमभर त्येंच्या मागनं चालले मी. मला ठावं हाय की." ती स्वतःच उठली. पदर खोचला, दोन पावलं टाकली, थांबली. पाय बदलून परत दोन टाकली. तिसरं पाऊल तिनं उचललं आणि तसंच ठेवून दिलं.

"मघापर्यंत याद होतं," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.