एका कोयत्याला एक बाटली

रुक्मिणीबाईच्या लघवीत पुरुष सापडला, ही बातमी युसूफ वडगावच्या चौकातल्या हॉटेलात पोचली तेव्हा दुपारच्या चहाची वेळ होती. साहजिकच तिचं स्वागत जंगी झालं.

बातमी आणली होती सायलीनं. सायली बीडची, एका संशोधन प्रकल्पात काम करणारी. ऊस तोडणाऱ्यांच्या किडन्या उन्हातान्हात, पाण्यावाचून हळूहळू बिघडतात आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत ते कळेपर्यंत फार उशीर होतो. लघवीतून शेकडो प्रकारची प्रथिनं बाहेर पडत असतात. त्यांचा सगळा गोतावळाच एकदम तपासला, तर कोण वाढलं, कोण घटलं यावरून दुखणं आधीच ओळखता येईल का, असा त्या लोकांचा शोध चालला होता. त्यासाठी टोळी तोडीवरून परतल्यावर सायलीनं मुकादम तानाजीकडे बाटल्या सोपवल्या होत्या. माणशी एक.

तानाजीनं त्या कोयत्यामागं एक अशा वाटल्या.

आता यात तानाजीचं काय चुकलं? टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. राहायची कोपी एक, हजेरी एक, चूल एक. उभ्या जन्मात तानाजीनं माणसं मोजलीच नव्हती, कोयतेच मोजले होते. उरलेल्या बाटल्यांत त्याच्या बायकोनं हळद, जिरं, मोहरी भरून टाकली. झाकण काय घट्ट बसतं, म्हणून ती अजून कौतुक करते. आणि टोळीतल्या जोडप्यांनी मुकादमाच्या शब्दाबाहेर न जाता एकाच बाटलीत आपापला वाटा घातला. बाटलीवर नाव मात्र एकाचंच मावत होतं. रुक्मिणीबाईच्या नवऱ्यानं, गहिनीनाथनं, मोठ्या मनानं बायकोचं लिहायला सांगितलं. लग्नाला वीसेक वर्षं झाली, तरी बायकोच्या नावावर त्यानं केलेली ही पहिलीच गोष्ट.

पुण्यातल्या यंत्रानं प्रथिनांचे तुकडे तोलून पाहिले आणि रुक्मिणीबाईच्या बाटलीत फक्त पुरुषाच्या शरीरात तयार होणारी प्रथिनं निघाली. रुक्मिणीबाईच्या दारात खुलासा झाल्यावर हसून हसून सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती हसायची थांबली, तेव्हा तिनं दुसरी गोष्ट सांगितली. किडनीला इजा व्हायला लागली की जी प्रथिनं वाढतात, तीही या बाटलीत होती.

“कुणाची?” रुक्मिणीबाईनं विचारलं.

“तेच तर कळत नाही, मावशी. दोघांनी एकत्र दिलंत ना. आता वेगवेगळ्या बाटल्या लागतील.”

“माजीच असणार,” गहिनीनाथ म्हणाला. “म्या बिड्या वढतो.”

“बिडीचा अन् किडनीचा काय संबंद?” रुक्मिणीबाई म्हणाली. “तुमी पाणी पीत न्हाई, ते सांगा.”

“अन् तू लई पिती.”

 उसाच्या फडात लघवीला आडोसा नसतो, म्हणून बाईमाणसानं पाणी बेतानंच प्यायचं असतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि नवऱ्याला यातलं काही माहीत असेल असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

सायली जाता जाता म्हणाली, ज्याचं निघेल त्यानं या हंगामात तोडीला जायचं नाही.

दर वर्षी ट्रकमध्ये चढताना रुक्मिणीबाईचं एकच रडगाणं असे: एक तरी दिवाळी आपल्या दारात करायला मिळावी. आता देव ते ऐकण्याच्या बेतात दिसला, तसा तिचा जीव खालीवर व्हायला लागला. गहिनीनाथ कोयता मारतो, त्या आवाजावर तिचे हात चालतात. खच्‌ झालं की पाचट काढायचं, खच्‌ झालं की ऊस ओळीला लावायचा. बोलणं असं होतच नाही. पहाटेच्या गारठ्यात शेजारी तो खच्‌ नसेल तर दिवस उजाडतो कसा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

नवी बाटली द्यायच्या आधी ती अख्खी कळशी पाणी प्यायली. यंत्र फसेल, असा अंदाज. यंत्र फसलं नाही.

“काका ठणठणीत आहेत,” सायली म्हणाली. “मावशी, तुमचं आहे. पण फार लवकर सापडलंय. रक्तात तर अजून काहीच दिसत नाही.”

“मग रक्ताचंच ऐका की.”

“मावशी.”

“अगं, का म्हून जाऊ न्हाई म्या? मला कायसुदिक दुकत न्हाई.”

“दुखायच्या आधी सापडावं, याच्यासाठीच तर सगळं चाललंय,” सायली म्हणाली. बीडच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पाणी भरपूर, अंगदुखीच्या गोळ्या बंद, दर महिन्याला तपासणी आणि ऊस बंद. आपलं नशीब थोर आहे, हे रुक्मिणीबाईला सगळ्यांनी समजावलं. तिला ते पटलंही. फक्त आनंद काही होईना.

कोयता मोडला तो असा. गहिनीनाथ आता अर्धा राहिला, आणि तानाजीनं त्याच्याशी दुसरा अर्धा जोडला: रामेश्वर, बिनलग्नाचा, अंगानं रेड्यासारखा. रुक्मिणीबाईनं त्याला अंगणात बोलावलं.

“मोळी बांदता येती का रं?”

“येती की वैनी.”

“बांद.”

ऊस नव्हता म्हणून कडब्याची बांधायला लावली. रामेश्वरनं गुडघा लावून, दात खाऊन ती आवळली, डोक्यावर घेतली आणि दोन पावलांत मोळी सुटून तो कडब्याखाली दिसेनासा झाला.

“ह्ये असलं घिऊन चाललाव तुमी?” ती नवऱ्याला म्हणाली.

“शिकंल की.”

“नगं शिकू दे,” ती पुटपुटली, आणि कडबा गोळा करायला वाकली.

दसरा झाला, ट्रक आला. सामान लावून द्यायला म्हणून ती वर चढली ती उतरेचना. केबिनला टेकून, गाठोड्यांच्या बेचक्यात तिची ठरलेली जागा होती, तिथंच बसली. गाडी हलली तेव्हा बाया हसायला लागल्या.

“रुक्मिणे, कुटपर्यंत?”

“केजपर्यंत. लगीच येते.”

केज आलं. म्हणाली, नेकनूरला उतरते. नेकनूर मागं गेलं, तेव्हा तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. मांजरसुंब्याला ढाब्यावर गाडी थांबली.

“उतर आता,” गहिनीनाथ म्हणाला.

“च्या तर पिऊ द्या.”

“आदी पाणी.” त्यानं जग उचलून गिलास काठोकाठ भरला. सगळ्या गडीमाणसांत, रस्त्याच्या कडेला, तिनं तो सबंध संपवला. त्यानं दुसरा भरला. ती तोही प्यायली. चहा मग गारच झाला.

ट्रक निघून गेला. ती एसटीची वाट पाहत उभी राहिली. ट्रकची धूळ बसते न बसते, तोच फोन वाजला.

“अगं, चटणीचा डबा कुठं हाय?”

“निळ्या पिशवीत. खालच्या अंगाला.”

“बरं.”

फोन त्यानं ठेवला नाही, तिनंही नाही. पलीकडं इंजिन घरघरत होतं, बाया जागेवरून भांडत होत्या.

“माज्या जागी कोन बसलंय?” तिनं विचारलं.

“पिठाची गोणी ठिवलीय.”

“रामेश्वर न्हाई ना?”

“न्हाई.”

केजची एसटी समोर येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. तिनं फोन कानाला तसाच धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला पुढं जायची खूण केली.