मार्थामावशींचं चर्च, टाइल वगळून

पुण्याहून निघताना माझ्या झोळीत जलरंग होते आणि सुधाकरच्या पाठीवर कॅमेरा. सुधाकर हा माझा मेहुणा. त्याच्या मते फोटो काढता येत असताना चित्र काढत बसणं म्हणजे घरात मिक्सर असताना पाटा-वरवंटा घेऊन बसणं. माझ्या मते फोटो म्हणजे बटण दाबणं, आणि बटण दाबलं की लिफ्टसुद्धा येते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला एवढं तरी बोलायचा हक्क आहे.

सुधाकरला चर्चचं वेड आहे. गोव्यातली, मुंबईतली मोठमोठी कॅथेड्रल त्याने टिपली आहेत, आणि त्याच्याशी स्पर्धा म्हणून मी ती रंगवली आहेत. हे आमच्या शेजारच्या मार्थामावशींना कळलं. मावशी मूळच्या जालना जिल्ह्यातल्या. त्यांचं लग्न गावच्या जुन्या दगडी चर्चमध्ये लागलं. चर्चला त्या देऊळ म्हणतात. त्यांच्याकडची जुनी माणसं तसंच म्हणतात. यजमान गेल्यानंतर त्या आमच्या कॉलनीत राहायला आल्या. आता वय झालंय आणि गुडघे इतके दुखतात की दोन जिने उतरून दूध आणणंही बंद झालं आहे.

"भाऊ," एके दिवशी मावशी म्हणाल्या, "मोठेमोठे देऊळ काढून राह्यले तुम्ही, मंग माझं एक आणा की. मला काई आता जाणं होत न्हाई. एकदा पाहिलं की झालं."

मला भरूनच आलं. मी म्हटलं, "मावशी, असं चित्र काढतो की तुम्हाला तिथं उभं राहिल्यासारखं वाटेल."

"ते बराबर. पन जसं हाय तसंच आणा. समोरून काढा, दारापासून. अन् गावात माझं नाव सांगू नका. सांगितलं तर चार घरी जेवायला नेतील अन् तुमचा उजेड जाईल."

याहून स्वच्छ शब्दांत कुणी काही सांगू शकेल असं मला वाटत नाही. तरीही आम्ही जे केलं ते केलं, आणि म्हणून गावाचं नाव मी इथे देत नाही.

शेवगाव, गेवराई मागे टाकून गोदावरीचा पूल ओलांडला आणि जालना जिल्हा लागला. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला चहासाठी थांबलो. नोव्हेंबर संपत आला होता, तरी ऊन चांगलंच लागत होतं. सुधाकरने हॉटेलवाल्याला गावाचं नाव सांगून विचारलं, "तिथे एक जुनं दगडी चर्च आहे ना?"

"हाय की," हॉटेलवाला भजी तळता तळता म्हणाला. "पिस्ता कलरच्या टाइलचं. सरळ जा. लांबूनच चमकून राह्यलंय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसरं एखादं असेल, अशी समजूत घालून घेतली आणि गरम भजी खाल्ली. भजी उत्तम होती, तो दिवस पुढे कसाही गेला असला तरी.

तिथून आत वळलो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, मध्येच मोसंबीच्या बागा. वेचणी चालू होती आणि डोक्याला फडकी बांधलेल्या बायका गाडी दिसली की कंबर सरळ करून पाहत होत्या. एका वळणावर कडुनिंबांच्या वर घंटेचा मनोरा दिसला. काळा दगड, त्यावर पावसाळ्यांनी चढवलेली राखाडी झाक, निमुळत्या कमानींच्या खिडक्या, वर कौलं. सुधाकर गाडी थांबवून खाली उतरला आणि म्हणाला, "दाजी, छोटं असेल, पण कॅथेड्रल आहे हे." पहिल्यांदाच आमचं दोघांचं एकमत झालं.

मग आम्ही जवळ गेलो.

चर्चच्या पुढच्या भिंतीला जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्याही वर टाइल बसवल्या होत्या. पिस्ता रंगाच्या, गुळगुळीत, निळ्या किनारीच्या. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यामागे आहेत त्यांची थेट मावसबहीण. इतका देखणा दगड आणि त्याला हे असं स्वेटर! सुधाकर तर गाडीतच परत जाऊन बसला.

तेवढ्यात याकोबभाऊ आले. हे चर्चची किल्ली सांभाळतात, उरलेला वेळ कापूस. "कुठून आले?" "पुण्याहून. चर्च बघायला." एवढं म्हणायचा अवकाश, त्यांनी गल्लीच्या दिशेने हाळी दिली, "ओ शब्बीरभाई! पुण्याहून मानसं आलेत टाइल पाहायला!"

शब्बीरमिस्त्री मोटारसायकलवरून आले. टाइल त्यांनीच बसवल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि मला भिंतीपाशी नेलं. "वाजवून पाहा साहेब. एक बी टाइल पोकळ बोलली तर आज थापी सोडतो." नाही म्हणायची सोय नव्हती. मी बोटाच्या पेरांनी टाइल वाजवत चाललो आणि शब्बीरभाई कान देऊन बरोबर. दाराच्या उजव्या बाजूला, साधारण माझ्या डोक्याच्या उंचीवर, नावांच्या टाइल होत्या. गावातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने त्यांच्या घरच्यांनी लावलेल्या. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावर आणि बाकाच्या पाठीवर नावं असतात, तशीच ही रीत. 'दानिएल शिवराम साळवे यांच्या स्मरणार्थ' या टाइलवर जागा न पुरल्यामुळे शेवटचं 'र्थ' किनारीवर चढून बसलं होतं. मला हसू आलं. मी तीही वाजवली. भरीव होती.

"यात साळवे बरेच दिसतात," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"निम्मं गाव साळवे हाय," याकोबभाऊ म्हणाले. "चला आता, जेवून घ्या. ऊन समोर यायला टाइम हाय."

मावशींचं नाव न सांगताही जेवण चुकलं नाही. याकोबभाऊंच्या घरी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि येसर आमटी (येसर म्हणजे डाळी, धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ) होती. सुधाकरने पहिल्याच घासाला डोळे पुसले. "आमटी छान आहे," तो कसाबसा म्हणाला. याकोबभाऊंच्या पत्नींना वाटलं पाहुणे घरच्या आठवणीने रडतायत. त्यांनी आणखी वाढली.

दुपार कलली आणि पश्चिमेचं ऊन चर्चच्या तोंडावर आलं. दगड सोन्यासारखा तापला. टाइलही तापल्या आणि इतक्या चमकल्या की सुधाकरच्या कॅमेऱ्यात पुढची भिंत म्हणजे नुसता पांढरा भडका आला. तेव्हा आम्ही दोघांनी कडुनिंबाखाली उभं राहून एक गुप्त ठराव केला. मावशी तिथे लग्न होऊन उभ्या राहिल्या होत्या ते काळ्या दगडासमोर. त्यांच्या आठवणीतलं देऊळ काळ्या दगडाचं. तेव्हा न्यायचं ते तेच. म्हाताऱ्या बाईला ह्या पिस्ता रंगाचा धक्का द्यायचा नाही.

सुधाकर कामाला लागला. आधी गवतात आडवा झाला, म्हणजे गवत पुढे येऊन टाइल झाकल्या जातील. तिथे मुंग्या निघाल्या. मग त्याने कापसाने भरलेली बैलगाडी आणवली आणि भिंतीला लावून उभी करायला सांगितली.

"टाइल झाकून राह्यले का?" याकोबभाऊंनी विचारलं. "मंग फोटो कशाचा?"

"वातावरणाचा," सुधाकर म्हणाला.

याकोबभाऊंनी वातावरणाकडे एकदा पाहून घेतलं आणि बैल सोडायला गेले. त्यानंतर कॅमेरा उचलला की कुणी ना कुणी गाडीपुढे येऊन हात सरळ करून उभं राहायचं. फोटो म्हटलं की त्यात माणूस हवा, नाहीतर तो काढायचा कशाला, हा त्यांचा साधा हिशेब. सुधाकर हात जोडून एकाला बाजूला करायचा, तोवर दुसरा केस विंचरून यायचा.

मी मात्र मजेत होतो. चित्रकाराला बैलगाडी लागत नाही. मी टाइल काढल्याच नाहीत. खालपर्यंत काळा दगड नेला, त्याला शेवाळ्याची ओल दिली, दाराशी एक जास्वंदही लावली. पाठीमागे बायका जमल्या होत्या. एक म्हणाली, "टाइल राह्यल्या ना."

"शेवटी भरतो," मी दडपून सांगितलं.

तेवढ्यात त्यांच्याच शेळीने माझा ब्रश धुवायचा डबा रिकामा केला. निळा रंग नुकताच धुतला होता, त्यामुळे शेळीची दाढी निळी झाली. बायका हसून हसून खाली बसल्या. "आता दूध निळं येतं का काय!" मालकीण म्हणाली. मी तिला रंग विषारी नसल्याचं समजावत होतो आणि मनातून घाबरलो होतो. शेळी खुशीत होती. तिने झोळीही चाटून पाहिली.

निघायची वेळ झाली तसे सगळे चर्चपुढे जमायला लागले. इस्त्रीचे कपडे, ओले भांग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. इतक्या लांबून टाइल पाहायला आलेल्या पाहुण्यांना सत्काराशिवाय कसं सोडायचं? बैलगाडी बाजूला झाली. शब्बीरभाईंनी फडक्याने टाइल पुसल्या. मला आणि सुधाकरला शाल, नारळ, आणि मला, वडीलधारा म्हणून, फेटा. भगवा नाही, लाल नाही, तर टाइलला मिळता पिस्ता. त्याचा तुरा मोरासारखा उभा. मला दाराच्या उजव्या बाजूला उभं केलं, सुधाकरने कॅमेरा तिपाईवर लावला आणि पळत येऊन डावीकडे उभा राहिला. हा एक फोटो तेवढा समोरून निघाला, दारापासून. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "हा काही दाखवण्यासारखा नाही. टाइल आल्यात सगळ्या."

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं मावशींकडे गेलो. माझी बायकोही आली. मी चित्र त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि डोळ्यांत पाणी यायची वाट पाहत बसलो.

मावशींनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. "लई सुंदर," त्या म्हणाल्या. "कोणत्या गावचं हाय?"

सुधाकरच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही सहन होत नाही. त्याने लगबगीने फोटो पुढे केले. मावशी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेत होत्या. "हे गवत. ही बैलगाडी. ही बी बैलगाडी." मग त्यांनी फोटो खाली ठेवले. "दाराच्या उजव्या हाताला काई लिहेल न्हवतं का?"

"नावं होती," मी म्हटलं. "टाइलवर. ते आम्ही मुद्दाम घेतलं नाही. विद्रूप दिसत होतं."

मावशी पदराशी चाळा करत राहिल्या. शेवटी बायकोच त्यांच्याजवळ सरकून बसली. "मावशी, काकांच्या नावाची लावलीत का?"

मावशींनी मान हलवली. "पुतण्याने लावली, मागच्या साली. मी सांगेल होतं. मी काई पाहिली न्हाई अजून. त्यासाठीच तर..."

"मग मला निघताना सांगायचं ना, मावशी! कुठलं नाव शोधायचं ते तरी!"

"अहो," बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "त्या कशा घेतील नाव? दानिएल. दारावर पाटी आहे, डी. एस. साळवे."

ती पाटी मी रोज जिना चढता-उतरता पाहतो. अक्षरांची वळणं चांगली नाहीत, असं मतही मी कधीचं करून ठेवलं आहे. आणि ती टाइल तर मी वाजवून पाहिली होती. मला भयंकर लाज वाटली.

"एक आहे!" सुधाकर एकदम ओरडला. कॅमेऱ्यातून फोनवर घेतलेला तो सत्काराचा फोटो त्याने उघडला आणि बोटांनी मोठा केला. मावशी पुढे वाकल्या. पिस्ता टाइल लखलखत होत्या, निळी किनार, दार, शब्बीरभाई, याकोबभाऊ, निळ्या दाढीची शेळी. दाराच्या उजव्या हाताला नावांची ओळ सुरू होत होती, आणि बरोबर जिथे काकांचं नाव दिसायला हवं होतं तिथे एक भला मोठा फेटा होता. तुऱ्याच्या वरच्या कडेला, किनारीवर चढलेलं एक 'र्थ' तेवढं दिसत होतं.

मावशींनी फोन डोळ्यांशी नेला, लांब धरला, जरा तिरका केला. "हे फेट्यावालं कोन हाय?"

"मी, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे. आणि अगदी मनापासून, बसमध्ये खिडकीशी जागा मागावी तशा आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जरा बाजूला व्हा की."

मी त्यांच्याच टेबलावर रंग मांडले. गडद जलरंगावर फिकट रंग नीट बसत नाही, हे मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं. पांढरा पोस्टर कलर जाड कालवला आणि माझा तो सुंदर काळा दगड दाराच्या दोन्ही बाजूंनी पिस्ता करून टाकला. निळी किनार ओढली. जास्वंद पुसली. मावशी सांगत होत्या, "अजून चमकू द्या." मग सगळ्यात बारीक ब्रश घेऊन नाव लिहिलं आणि 'र्थ' किनारीवर चढवलं. मावशी ओठ न हलवता वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी नावावर बोट ठेवलं. रंग ओला होता. 'द' थोडा फिसकटला आणि त्यांच्या बोटाला लागला.

"आता आलं आमचं देऊळ," त्या म्हणाल्या. चहा पिताना त्यांनी कप दुसऱ्या हाताने धरला.

ते चित्र आता त्यांच्या हॉलमध्ये, दारातून आत येताच समोर दिसेल असं लावलं आहे. मला ओळखणारं कुणी आलं तर हमखास विचारतं की वरचा मनोरा इतका छान जमलाय, मग खाली हे काय करून ठेवलंत? मी चित्रापुढे उभा असलो, तर बाजूला होतो.