सुदृढ बालक, प्रथम क्रमांक

मुलुंडला आमच्या शाळेच्या मैदानावर गॅदरिंगच्या लेझीमची प्रॅक्टिस चालू होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी सहावीत... तिसरा प्रकार सुरू व्हायच्या आत मला धाप लागली आणि मी लेझीम मांडीवर घेऊन तिथेच बसले.

ड्रिलचे सर रागावले नाहीत. दोन दिवसांत डॉक्टरची चिठ्ठी आण, नाहीतर गॅदरिंगला खुर्च्या मांडायला ये, एवढंच म्हणाले. खुर्च्यांबद्दल माझ्या मनात आकस नव्हता. पण लेझीमवाल्यांना भगवा फेटा मिळणार होता... आणि मला तो फेटा हवा होता.

संध्याकाळी आई मला आमच्या गल्लीतल्या सामंत डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मला काट्यावर उभं केलं. काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं... जणू आम्हा दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय.

चिठ्ठी काही दिली नाही. वर भरलेल्या दवाखान्यात आईला विचारलं, "वहिनी, या मुलीच्या खाण्याकडे घरात कोणी बघतं की नाही?"

आता वस्तुस्थिती अशी की माझ्या खाण्याकडे आमच्या घरात सगळेच बघायचे. कौतुकाने. शेवटचा घास संपेपर्यंत.

घरी शास्त्रार्थ झाला. बाबांचा पूर्वपक्ष असा की स्वयंपाकघर आईचं, तेव्हा दोषही तिचाच. आईचा उत्तरपक्ष असा की दर रविवारी जिलेबी कोण आणतं, आणि 'एवढ्याने काय होतंय' असं कोण म्हणतं? आजी तटस्थ होती. म्हणजे ती माझ्या वरणभातावर आणखी तूप सोडत होती. "खात्यापित्या घरातला चेडू ता," एवढं मालवणीत म्हणून तिने आपल्यापुरता निकाल दिला. चेडू म्हणजे मुलगी.

मला कोणीच काही विचारलं नाही. बरं झालं... माझ्या दप्तरात तेव्हा शेंगदाण्याचे दोन लाडू होते.

मग आईची नजर भिंतीवर गेली. तिथे माझी फ्रेम होती. वय दीड वर्ष, अंगात झबलं, मान गालांनी गिळलेली. खाली प्रशस्तिपत्र: सुदृढ बालक स्पर्धा, प्रथम क्रमांक.

गणपतीत मंडळाने ही स्पर्धा घेतली होती. वाण्याच्या दुकानातून धान्याचा काटा आणला होता. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका बाळावर मी पाव किलोने मात केली. माझे चांदीचे वाळे काढून वजन करायला हवं होतं, असं त्या बाळाची आई पुढे कित्येक वर्षं सांगत असे.

बक्षीस म्हणून बाळाच्या दुधाच्या पावडरचा भलामोठा पत्र्याचा डबा मिळाला. पावडर संपली, डबा राहिला. त्यात लाडू ठेवायची पद्धत पडली, आणि डबा खालच्या फळीवर, माझ्या हाताशी... बक्षीस माझं होतं ना.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून दप्तरासकट येताच आईने फ्रेम खिळ्यावरून काढून उशीच्या अभ्र्यात घातली. प्रत्यक्ष प्रमाण म्हणून मी होतेच, शब्दप्रमाणही सोबत घेतलं. दवाखान्यात तिने फ्रेम टेबलावर ठेवली आणि खालच्या सहीवर बोट टेकवलं.

"ही सही कोणाची हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझीच की."

"हिचं वजन बघून बक्षीस तुम्ही दिलंत. आता वजन बघून बोलणी मात्र मी खायची?"

कंपाउंडर औषधाच्या बाटलीवर डोसची कागदी पट्टी चिकटवत होता. त्याचा हात थांबला. बाकावरचे खोकलेसुद्धा थांबले.

डॉक्टरांनी फ्रेम उचलून फोटो जवळून पाहिला. मग हळूच म्हणाले, "चुकलंच माझं, वहिनी. तेव्हा मी काटा बघितला. मूल बघितलंच नाही."

आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी मला प्रश्न विचारला. "बेबी, तुला काय पाहिजे?"

"फेटा," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, दप्तरातले दोन्ही लाडू काढून टेबलावर ठेवले.

मग त्यांनी मला दवाखान्याच्या पायऱ्या तीनदा चढायला-उतरायला लावल्या, छाती तपासली आणि चिठ्ठी लिहायला बसले. औषध: लेझीम, रोज सकाळी. धाप लागल्यास बसणे, मग उठणे.

त्याखाली नावं लिहिली. पहिलं त्यांचं स्वतःचं: दर शनिवारी वजन करणे, मुलीचं आणि आपलंही. (त्यांचं पोट टेबलाच्या कडेला टेकलेलं असे.) बाबांनी मला शाळेत चालत सोडायचं आणि जिलेबी महिन्यातून एकदाच आणायची. आजीने तूप एकच चमचा वाढायचं, चमचा आईने निवडायचा. आईने डबा वरच्या फळीवर ठेवायचा. आणि सगळ्यात शेवटी, बेबी: काय खाल्लं ते खरं सांगणे.

टेबलावरचे लाडू त्यांनी आणि कंपाउंडरने एकेक खाल्ले. मुद्देमालाची विल्हेवाट, असं म्हणाले.

ड्रिलच्या सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला मागच्या ओळीत उभं केलं. गॅदरिंगला फेटा बांधून मी चार प्रकार नीट केले. पाचव्याला धाप लागली, म्हणून चिठ्ठीबरहुकूम बसले आणि मग उठले. लोकांना वाटलं, हाही एक प्रकारच आहे... टाळ्या पडल्या.

वजन पुढे हळूहळू उतरलं. शनिवारी मी आणि डॉक्टर आळीपाळीने काट्यावर चढायचो. माझा काटा आधी हलला, ते त्यांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं.

हल्ली आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मुलांच्या वजनाला जबाबदार कोण, यावर हिरीरीने वाद होतो. आई-बाप, शाळा, मोबाइल... प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव लिहितो. मी वाचते आणि मला ती चिठ्ठी आठवते. पाच नावं होती तिच्यावर. माझं सर्वांत शेवटी, आणि लिहिणाऱ्याचं सर्वांत आधी.

डॉक्टर, त्या फेट्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते.