बसलिंगप्पाचं पांढरं धोतर

मैंदर्गीच्या बसलिंगप्पाला दोन गोष्टींची लई घमेंड. एक अंगावरचं पांढरंफेक धोतर, दुसरा आपला गहू. शिवारभर गव्हाच्या पानांवर नारिंगी तांबेरा फुटायचा, पण ह्याच्या वाणावर ठिपकाबी उमटत नसे. निम्मं गाव पेरणीला बी ह्याच्याकडनंच न्यायचं. बी मापताना हा असा चेहरा करायचा, जणू ओंब्या ह्याच्याच पोटातनं निघाल्यात.

यंदा कृषी सहायक प्रतीक्षा सांगून गेली, "काका, तांबेरा वरनं एकच दिसतो, आतनं त्याचे प्रकार निराळे असतात. जुना प्रकार तुमच्या वाणापुढं हरतो. बदललेला नवा आला, तर हा गहू टिकायचा नाही. पानं बघत जावा."

"तांबेऱ्यात कसले प्रकार, बाई?" बसलिंगप्पा हसला. पोरीला आलेल्या स्थळांची पोटजात आजा-पणजापर्यंत उकरणारा माणूस, पण तांबेरा त्याच्या लेखी सगळा एका मापाचा.

पुढं शेजारच्या त्रिंबकच्या गव्हावर तांबेरा दिसला. त्यानं पंप पाठीवर घेऊन औषध फवारलं. बसलिंगप्पानं त्याची बांधावरची वाटच बंद केली. "तुझ्या अंगावरची तांबेऱ्याची भुकटी माझ्या रानात नको." स्वतः मात्र आपल्या गव्हाकडं फिरकला न्हाय. माझ्या गव्हाला काय हुतंय?

येळ अमावस्येला रानात जेवायला सगळ्यांना बोलवायची रीत. ह्यानं त्रिंबकलाबी बोलावलं. मिरवायला बघणारा लागतोच. बायकोनं, गुरम्मानं, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील मांडलं. रीतीप्रमाणं पिकावर आंबील शिंपडायला बसलिंगप्पा कोरं धोतर नेसून उभ्या गव्हात शिरला आणि फेरी मारून पाव्हण्यांपुढं आला. गुडघ्याखाली धोतर नारिंगी.

जेवणारे हात थांबले.

"आप्पा, हळद सांडली का वो?" त्रिंबकची आई पारूबाई म्हणाली.

"माती हाय ती."

"हितली माती काळी हाय की."

त्रिंबकनं हात धुतले. "आप्पा, आता मी बांधावरनं जातो. तुमी मातर माझ्या रानात येऊ नका. तुमचा तांबेरा निराळा दिसतोय."

बसलिंगप्पानं एक पान चोळलं. बोटं रंगली. पुढच्या पेरणीला ह्या माणसांतलं कोण बियाणं मागायला येणार? तो बायकोजवळ वाकला आणि कन्नडमधनं पुटपुटला, त्रिंबकचा पंप माग म्हणून.

गुरम्मा मराठीतनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "त्रिंबकभाऊ, ह्यांना तुमचा पंप पायजे. मागायला लाजत्यात."

"न्या की," त्रिंबक म्हणाला. "पण न्यायला येताना धोतर बदलून या म्हणावं."